रंगरुटाची झोप

प्रशिक्षणाचे पहिले काही आठवडे उलटतात आणि एखाद्या रंगरुटाचं पाऊल सुजतं. तो लंगडत कवायतीला उभा राहतो. कामचुकार म्हणून त्याची टिंगल होते. ही सूज प्रशियाच्या लष्करातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच नोंदवून ठेवली होती. पुढे क्ष-किरण आले, तेव्हा कळलं की पावलाच्या लांब हाडांना केसासारखे बारीक तडे गेलेले असतात. हाड जिवंत असतं. त्याच्यावर नवा भार पडला की शरीर आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड कच्चंच असतं आणि नेमकी तेव्हाच दौड वाढवली जाते. ही दुरुस्ती ज्या झोपेवर आणि जेवणावर चालते, त्यांनाच प्रशिक्षणात पहिली कात्री लागते. शिस्तीच्या नावाखाली झोप तोडली, तर कणखर जवान घडण्याऐवजी जायबंदी जवानच वाढतात.

अमेरिकी लष्कराच्या रेंजर प्रशिक्षणात झोप आणि जेवण तोडल्याचे परिणाम मोजून पाहिले गेले. साधारण दोन महिने चार तासांहून कमी झोप आणि रोज सुमारे हजार कॅलरींची तूट, अशा हालअपेष्टांत जवानांचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींचा जोर ओसरला. पुढच्या एका तुकडीचं जेवण थोडं वाढवलं, तेव्हा ही पडझड कमी झाली. इस्रायली सैन्याने रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि एकूण चाल कमी केली. हाडांना तडे जाण्याचं प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटलं. दोन्ही बदल एकदमच केल्यामुळे सगळं श्रेय झोपेला देता येणार नाही, पण विश्रांतीकडे डोळेझाकही करता येणार नाही.

कोणी म्हणेल, बराकीतला ताप जंतूंमुळे येतो, त्यात झोपेचा काय संबंध? जंतू लागतातच. अमेरिकी रंगरुटांना अडेनोव्हायरसची लस २०११ मध्ये पुन्हा मिळू लागली आणि त्या तापाची साथ जवळपास आटली. पण एकाच जंतूने सगळे सारखे आजारी पडत नाहीत. १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडून केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: युद्धात शत्रू झोपू देत नाही, मग सराव नको का? हवाच. मात्र आधी शरीर घडवावं, मग त्याची परीक्षा घ्यावी. ओल्या भिंतीवर छप्पर चढवणाऱ्या गवंड्याला आपण शूर म्हणत नाही.

हा हिशेब बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात दाखल होणाऱ्या जवानाला लागू आहे, तसाच भरतीच्या सोळाशे मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या गावोगावच्या पोरांनाही. रात्री उशिरापर्यंत मोबाइल, पहाटे उपाशीपोटी दौड आणि वर तंबाखू, हा बेत हाडाला मानवत नाही. नडगीवर बोट दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर त्या दिवशी धावू नका, डॉक्टरला दाखवा. भरती पुन्हा निघेल. तडा गेलेलं हाड मात्र तुमच्या घाईने जुळणार नाही.