जाम नट, गेलेले आटे आणि आपला ऊस



गळीत हंगामाची तयारी म्हटली की उसाच्या नोंदी, तोडणीचा कार्यक्रम, टोळ्यांचे करार यांचीच चर्चा होते. नट-बोल्टकडे कोणी पाहत नाही. परंतु आम्ही शेतकी खात्याची माणसे हंगामभर फडाफडातून फिरतो, आणि तोडलेला ऊस फडात वाळत पडण्याचे एक कारण वारंवार पाहतो. ते म्हणजे वेळेला न निघालेला नट आणि घाईत मोडलेला बोल्ट.

मागे एका फडावर भरलेल्या ट्रेलरचा टायर बसला. चाकाचे बाकी नट निघाले, एक जाम होता. पान्याला लांब पाइप घालून दोघांनी जोर लावला आणि स्टड पिळून तुटला. नवा स्टड येऊन बसेपर्यंत ट्रेलर फडात, ऊस उन्हात आणि टोळी बसून. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आम्ही सांगतो, ते उगाच नाही. ऊस थांबला की वजन घटते, तो तोटा त्या सभासदाचा. उसातली साखर मोडून उतारा घसरतो, तो तोटा मात्र आपणा सर्वांचा.

नट जाम का होतो?

लोखंड गंजले की गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. आट्यांमध्ये जागा नसतेच, त्यामुळे गंज पाचरीसारखा घट्ट बसतो. त्यात आपल्याकडे उसाचा आंबूस रस, चिखल आणि खताची धूळ. खत पेरणी यंत्राचे बोल्ट आणि विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हचे बोल्ट लवकर का धरतात, हे यावरून ध्यानात यावे.

आधी तेल, मग जोर

प्रथम तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत. गंज सोडवणारे तेल मिळाल्यास उत्तम, नाही तर डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीने बेताचे ठोके द्यावेत, म्हणजे गंज फुटून तेल आत उतरते. आटे असलेल्या टोकावर मात्र ठोकू नये. टोक चेपले तर नट कधीच निघणार नाही.

पाना बरोबर मापाचा, शक्यतो सहा पैलूंचा रिंग पाना घ्यावा. स्क्रू पान्याने नटाचे कोपरे जातात आणि सोपे काम अवघड होते. नट आधी किंचित आवळावा, मग सैल करावा. अर्धा फेरा निघून पुन्हा अडला तर मागे घ्यावा, तेल सोडावे, परत पुढे न्यावा. हे मागे-पुढे करण्यात दहा मिनिटे जातील, पण बोल्ट वाचेल. काही यंत्रांवर डाव्या आट्याचे नट असतात. ते उलट फिरवून खुललेले समजू नयेत, तेव्हा आधी आटा कोणत्या बाजूचा ते पाहावे.

एवढ्याने न निघाल्यास गॅसने फक्त नट तापवावा. नट प्रसरण पावतो आणि गंजाची पकड सुटते. परंतु टायर चढवलेल्या चाकाचे नट कधीही तापवू नयेत. आतल्या उष्णतेने टायर फुटून माणसे दगावू शकतात. डिझेल टाकी व हायड्रॉलिक पाइपजवळही ज्योत नको. चाकाचा नट हटतच नसेल तर डोळ्यांवर चष्मा लावून छिन्नीने तो फोडावा. नट स्वस्त, जीव महाग.

बोल्ट मोडलाच तर

तुकडा वर राहिला असेल तर त्यावर जुना नट ठेवून आतून वेल्डिंगने पकडावा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो, मग पान्याने तुकडा फिरतो. तुकडा आत मोडला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिलने भोक पाडावे आणि एक्स्ट्रॅक्टरने काढावा. भोक एका बाजूला गेले तर मूळ आटे खराब होतात. एक्स्ट्रॅक्टर ओढूनताणून फिरवू नये. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साधा ड्रिल त्याला लागत नाही. हात अडला की थांबून वर्कशॉपला न्यावे, यात कमीपणा नाही.

आटे गेले असतील तर

भोक आरपार असेल तर लांब बोल्ट घालून मागून नट लावणे सर्वांत सोपे. आरपार नसेल आणि भोवती धातू पुरेसा जाड असेल तर वरच्या मापाचा टॅप मारावा. उदाहरणार्थ, १० मि.मी. बोल्टचे आटे गेले तर १०.२ मि.मी. ड्रिल करून १२ मि.मी.चा टॅप चालतो. बोल्ट मूळ मापाचाच हवा असेल तर आट्यांची पोलादी स्प्रिंग बसवून मिळते. इंजिनाच्या अॅल्युमिनियम भागांना हीच पद्धत बरी. सुतळी, पत्र्याचे तुकडे किंवा डिंक भरून चाकाचे वा जूपिनचे काम भागवू नये.

पुष्कळ ठिकाणी आटे जाण्याचे मूळ चुकीच्या बोल्टमध्ये असते. जुन्या यंत्रांवर इंची, नव्यांवर मेट्रिक आटे असतात. अर्ध्या इंचाचा बोल्ट १२.७ मि.मी.चा असतो, तो १२ मि.मी.च्या नटात जोर लावून घातला की दोन्हींचे आटे जातात. बोल्ट आधी हाताने दोन-तीन फेरे बसला पाहिजे. डोक्यावरचा आकडाही पाहावा. ८.८ चा बोल्ट ४.६ च्या दुप्पट ताण सोसतो. ट्रेलरच्या जूपिनजवळ ८.८ होता तिथे ४.६ घालू नये.

आता काय करावे

हंगामाच्या आधी, बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी, ट्रेलर, टायरगाडी व पंपाचा प्रत्येक महत्त्वाचा नट एकदा खोलून, साफ करून, परत लावावा. खताचे यंत्र वापरून झाले की त्याच दिवशी धुऊन बोल्टना तेल लावावे. चाक बसवताना नट समोरासमोरचे पाळीपाळीने आवळावेत, आणि पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हा पाना लावून पाहावा. एक स्टड तुटला तर शेजारचेही तपासावेत, कारण त्यांच्यावर जादा भार आलेला असतो. कमी नटांवर भरलेला ट्रेलर रस्त्यावर आणू नये. रस्त्याने आपलीच मुले शाळेला जातात.

पेटीत चाकाचे दोन जादा स्टड व नट, रिंग पाने, तारेचा ब्रश आणि तेलाची बाटली असावी. वाहतूकदार सभासदांनी आपल्या वाहनांची ही तपासणी हंगामापूर्वी करून तसे गट कार्यालयात कळवावे. चिठ्ठी मिळाली की फड तयार असतो, तसे चाकही तयार असले पाहिजे.

— शेतकी खाते, ऊस विकास विभाग