समुद्र नाही, पण रेती आहे!

मुंबई-पुण्याची वाळू, ती आपली रेती. नागपुरात घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न ठरलेला : रेती कुठली, कन्हानची की वैनगंगेची? तिच्याच या सहा गमती.

मुठीतली परीक्षा : टिप्पर रिकामा झाला की मिस्त्री ओली रेती मुठीत दाबतो आणि झटकतो. तळव्याला चिखल राहिला, तर रेती नापास!

किलो नाही, ब्रास : रेती ब्रासनं मोजतात. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट.

नदीची गुल्लक : नागपूर पेंचबरोबर कन्हानचंही पाणी पितं. रेती पाणी धरून ठेवते; ती बेसुमार उपसली की पात्र खोल जातं आणि काठच्या विहिरी आटतात. म्हणून 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लहान रेतीघाटांनाही पर्यावरण मंजुरीची अट लावली. केंद्राच्या 2016 च्या सूचना म्हणतात, खोदा, पण 3 मीटरपर्यंतच.

वाळवंट कुचकामी : नदीऐवजी वाळवंटातली रेती घ्यावी, तर वाऱ्यानं घासून तिथले कण गोल गुळगुळीत होतात, काँक्रीटमध्ये एकमेकांना धरत नाहीत.

मग समुद्र उपसा! उपसतातच. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं वर्षाला 4 ते 8 अब्ज टन, म्हणजे रोज दहा लाखांहून जास्त डंपर. तळाचे जीव त्यात उपसले जातात, गढूळ पाण्यानं मासळीचं बिनसतं. शिवाय खारी रेती न धुता वापरली, तर सळ्या गंजतात. केरळच्या किनाऱ्यालगतचे तीन रेती-पट्टे केंद्रानं नोव्हेंबर 2024 मध्ये लिलावात काढले, तेव्हा कोल्लमचे मच्छीमार उगाच नाही उठले.

कोळशावरची रेती : आपला तोडगा जमिनीतच निघाला. कोळशावरचा थर, खाणवाल्यांच्या भाषेत ‘ओबी’, काढून ढिगारे लावतात. त्यात साधारण 60 टक्के वालुकाश्म. तो दळून-धुऊन वेकोलिनं (वेस्टर्न कोलफिल्ड्स) भानेगावला रेती काढून पाहिली, मग गोंडेगावला दिवसाला 2,500 घनमीटरचा, म्हणजे जवळपास 880 ब्रासचा, प्रकल्प उभारला. नागपूर सुधार प्रन्यासच्या घरकुलांना ती स्वस्तात मिळाली. हा दगडही मुळात प्राचीन नद्यांनी आणलेली रेतीच! इथल्या अशाच एका खडकथराला भूगर्भशास्त्रज्ञांनी कामठीचं नाव दिलंय. वय सुमारे 25 कोटी वर्षं.

आणि खरी गंमत पुढेच : भूमिगत खाणीतला कोळसा काढला की पोकळी बुजवायला नदीचीच रेती ओतायची रीत आहे. आता खाण रेती देते आहे. जुनी उधारी, हप्त्याहप्त्यानं का होईना, फिटतेय!