पगार थांबला, आता हिशेब सुरू

नोकरी सोडून स्वतंत्र काम घेणाऱ्या इंटीरियर डिझायनरला पहिला धक्का बसतो तो बिलावर. एक लाखाचं बिल लावलं, खात्यात नव्वद हजार आले. उरलेले दहा टक्के म्हणजे टीडीएस. ते बुडालेले नसतात, तर तुमच्या पॅनवर आगाऊ कर म्हणून जमा असतात.

समजा, वर्षाची जमा 12 लाख. ठरावीक व्यावसायिकांसाठी असलेल्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत जमेच्या किमान निम्मी रक्कम नफा धरली जाते. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा. इथे करपात्र उत्पन्न 6 लाख. 2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो. म्हणजे कापलेले 1 लाख 20 हजार परत मिळतात, पण विवरणपत्र भरलं तरच! 'कर लागत नाही, मग भरायचं कशाला' म्हणणारे इथेच फसतात.

कर लागतच असेल तर या योजनेत आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकरकमी भरता येतो. इतरांना चार हप्ते. वार्षिक उलाढाल 20 लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आली. बिलातला जीएसटी वेगळ्या खात्यात ठेवा, तो सरकारचा आहे.

बचतीचं म्हणाल तर आता पीएफ कापणारं कुणी नाही. पीपीएफ आहे, मात्र नव्या प्रणालीत त्यावर वजावट नाही. माझ्या मते आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा. ग्राहक पैसे थकवतातच.