खेळाडूचे मन आणि आपण

मैदानावर शरीराइतकेच मनही खेळत असते. या शास्त्राचा एक आरंभीचा प्रयोग एका विद्यार्थ्याचाच आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात एम. ए. करणाऱ्या नॉर्मन ट्रिपलेट यांना दिसले की, सायकलस्वार एकट्यापेक्षा चढाओढीत अधिक वेगाने जातो. मग त्यांनी ४० मुलांना गळाच्या दोरीचे रीळ फिरवावयास लावले. कधी एकट्याने, कधी जोडीने. निष्कर्ष १८९८ साली प्रसिद्ध झाले. जोडीने फिरवताना २० मुलांचा वेग वाढला, १० जणांचा उलट बिघडला, १० जणांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे ‘जोर लाव!’ हा मंत्र सर्वांना सारखा लागू पडत नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून वाटते, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली कबड्डीच्या सरावाला वही घेऊन बसावे. टाळ्यांनी कोण फुलतो, कोण बावरतो, हे टिपावे. बावरणाऱ्याला वेळीच धीर मिळाला, तर एक चांगला खेळाडू मैदान सोडणार नाही.