सागरतळीचे धातू आणि व्यापाराचा ताळेबंद

पोलादी भांड्यांच्या पेढीवर बसणाऱ्याला ‘२०२’ आणि ‘३०४’ या दोन आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ३०४ प्रतीच्या पोलादात सुमारे आठ टक्के निकेल असते; २०२ प्रतीत ते कमी करून त्याची जागा मँगनीजला दिलेली असते. निकेल महाग, मँगनीज स्वस्त. दोन्ही पत्रे सारखेच चकाकत असले तरी भावात फरक पडतो तो मुख्यतः यामुळे. हे दोन्ही धातू निसर्गाने एकाच ठिकाणी साठवून ठेवले आहेत, आणि ते ठिकाण म्हणजे महासागराचा तळ.

चार ते सहा हजार मीटर खोलीवर, जिथे सूर्यप्रकाशाचा किरणही पोहोचत नाही, तिथे बटाट्याएवढे काळपट गोळे मऊ गाळावर विखुरलेले आहेत. इंग्लंडच्या ‘चॅलेंजर’ या जहाजाच्या १८७२ ते १८७६ या शोधसफरीत ते प्रथम हाती लागले. शार्क माशाचा एखादा दात किंवा खडकाचा कण यांभोवती समुद्राच्या पाण्यातील धातू थर धरीत जातात आणि गोळा तयार होतो. ही वाढ इतकी मंद असते की काही मिलिमीटर जाडी वाढण्यास दहा लाख वर्षे लागतात.

भारताचा या विषयाशी संबंध गोव्यातून जुळला. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या जहाजावरून असे गोळे प्रथम वर काढले. पुढे २००२ साली आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार होऊन मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या शोधाचा अधिकार भारताला मिळाला. तेथील साठा सुमारे ३८ कोटी टन असल्याचा अंदाज आहे. २०२१ साली चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने ‘वराह’ नावाचे यंत्र ५,२७० मीटर खोलीवर चालवून पाहिले. पृथ्वी सागरातून वर काढणाऱ्या अवताराचे नाव या यंत्रास लाभले, हे अर्थपूर्णच म्हणावे लागेल.

या क्षेत्रातील शंभर किलो कोरड्या गोळ्यांत साधारण २४ किलो मँगनीज, निकेल व तांबे प्रत्येकी सुमारे एक किलो आणि कोबाल्ट शंभर ग्रॅमच्या आसपास असते. मात्र हे धातू वेगवेगळ्या कणांत सुटे नसतात. मँगनीज व लोह यांच्या ऑक्साइडांत ते अतिसूक्ष्म प्रमाणात मुरलेले असतात. त्यामुळे दगड कुटून, दळून आणि पाण्यात निवडून धातू वेगळा करण्याची खाणींवरची नेहमीची रीत येथे निरुपयोगी ठरते.

उपाय सापडला तो धातूंच्या स्वभावातच. प्रत्येक धातू प्राणवायूला सारख्याच घट्टपणे धरून ठेवीत नाही. तांबे, निकेल आणि कोबाल्ट तो सहज सोडतात, लोह काहीसे नाखुशीने सोडते, आणि मँगनीज मात्र अखेरपर्यंत सोडीत नाही. म्हणून वाळवलेल्या गोळ्यांत अगदी मोजका कोक मिसळून विद्युत भट्टीत वितळविल्यास पहिले तीन धातू थोड्या लोहासह मोकळे होतात आणि त्यांची जड मिश्रधातू तळाशी उतरते. मँगनीज वर तरंगणाऱ्या धातुमळीत राहते. कोक कमी पडला तर निकेल मळीत अडकते. अधिक झाला तर लोह व मँगनीजही मिश्रधातूत शिरतात. सारे कौशल्य आहे ते या मोजमापात.

जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुवैज्ञानिक प्रयोगशाळेने याच मार्गावर काम केले. तळाची मिश्रधातू आम्लात विरघळवून तांबे, निकेल व कोबाल्ट वेगळे करता येतात; मळी पुन्हा अधिक कोकसह तापविली की सिलिकोमँगनीज मिळते, आणि ते पोलाद कारखान्यांना लागतेच. अशा रीतीने गोळ्याचा बराचसा भाग उपयोगी पडतो.

या पद्धतीचा एक दोष म्हणजे कोक जळून निघणारा कर्बवायू. जर्मनीतील डुसेलडॉर्फ येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी अलीकडे त्यावर तोड सुचविली. कोकऐवजी हायड्रोजन वायू विद्युत भट्टीत अतितप्त करून त्याच्या प्लाझ्माने प्राणवायू खेचून घ्यावयाचा. मग धुराऐवजी पाण्याची वाफ निघते आणि निकेल, कोबाल्ट व तांबे यांची मिश्रधातू एकाच भट्टीत तयार होते. हायड्रोजन व वीज दोन्ही स्वच्छ मार्गांनी मिळाल्यास कर्बवायूचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी घटू शकते, असे त्यांचे गणित आहे.

भट्टीचा हिशेब असा स्वच्छ होत आला, तरी ताळेबंदाची दुसरी बाजू समुद्राच्या तळाशी आहे. तेथील मऊ गाळावर स्पंज, प्रवाळ यांसारख्या स्थिर जीवांना चिकटून राहण्यास हे गोळे हाच कठीण आधार. प्रशांत महासागरातील क्लॅरियन-क्लिपर्टन क्षेत्रात आढळणाऱ्या जीवजातींपैकी सुमारे नव्वद टक्के जातींना विज्ञानाने अद्याप नावही दिलेले नाही. याच क्षेत्रात १९७९ साली एक चाचणी यंत्र काही काळ फिरले होते. ४४ वर्षांनी संशोधक तेथे परतले, तेव्हा यंत्राच्या चाकोऱ्या जशाच्या तशा दिसत होत्या. काही लहान फिरते जीव परत आले होते. मोठे स्थिर जीव मात्र अद्याप विरळच होते.

उत्खननाच्या समर्थकांचे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. जमिनीवरील निकेलसाठी इंडोनेशियात वर्षावने तोडली जात आहेत. जीवहानी तेथेही होतेच. परंतु तोडलेले जंगल काही पिढ्यांत थोडेफार तरी उभे राहू शकते. उचललेला गोळा पुन्हा घडण्यास लाखो वर्षे लागतात. भांडवल एकदाच खर्ची पडणार आणि ते परत भरून येणार नाही, अशा व्यवहारास कोणताही जुना व्यापारी नफा म्हणणार नाही.

व्यापारी उत्खनन अद्याप सुरू झालेले नाही, म्हणून विचारास अवकाश आहे. आणि धातूची एक खाण शहरांत आधीच आहे. ती म्हणजे मोड. तांबे व निकेल कितीही वेळा वितळविले तरी त्यांचा गुण जात नाही. मात्र २०२ आणि ३०४ ची मोड एकाच ढिगात गेली की तीस महागड्या प्रतीचा भाव मिळत नाही आणि तिच्यातील निकेलचे मोल वाया जाते. निवडलेली मोड थेट त्याच प्रतीच्या पोलादात परतते, आणि तेवढे निकेल नव्याने खणावे लागत नाही.

ती निवड भट्टीवर नव्हे, पेढीवर होते. तिथे प्रत ओळखणे आणि दोन वेगळे ढीग ठेवण्याची शिस्त पाळणे महत्त्वाचे आहे.