चढावर घाई नको, उतारावर तर नकोच!

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या पाहू. सायकलवर सगळ्यात जास्त सांभाळून कधी राहायचं? चढ चढताना की उतार उतरताना?

मी वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळी मुलं एका सुरात ओरडली, "चढताना, मॅडम!" एक मुलगी मात्र गप्प होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. ती हळूच म्हणाली, "उतरताना."

तिच्या हाताची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे. पण त्याआधी जरा लांबची सफर करून येऊ या. सायकलवर बसूनच!

खिंडीतून जाणारी शर्यत

वर्धा जिल्ह्यातलं हिंगणी हे आमचं गाव. बोर नदीच्या काठचं. जवळच बोर धरण आहे आणि भोवतीचं जंगल २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. समुद्रसपाटीपासून आम्ही असे कितीसे उंच? जेमतेम अडीचशे-तीनशे मीटर. त्यामुळे धरणाकडच्या रस्त्यावर थोडा चढ लागला, तरी आमच्या मुलांना तो मोठा घाट वाटतो.

आता युरोपात चला. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया अशा देशांमधून आल्प्स नावाचा पर्वत पसरला आहे. डोंगराच्या या बाजूच्या खोऱ्यातून त्या बाजूच्या खोऱ्यात जायचं, तर दोन शिखरांच्या मधली त्यातल्या त्यात कमी उंचीची जागा शोधावी लागते. तीच खिंड. पावनखिंड तुम्हांला इतिहासातून माहीतच आहे. आल्प्समधले रस्ते अशाच खिंडींमधून जातात.

१९०३ साली फ्रान्समध्ये 'टूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत सुरू झाली. १९११ साली ती पहिल्यांदा आल्प्समधल्या गालिबिए या खिंडीतून गेली. आज तिथला रस्ता २६४२ मीटर उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी जवळजवळ हजार मीटरचा डोंगर ठेवा, तेव्हा कुठे गालिबिएची उंची येईल!

१९११ साली तिथे डांबर नव्हतं. होता तो दगडमातीचा रस्ता. एमिल जॉर्जे हा खेळाडू सगळ्यांच्या आधी वर पोहोचला. पण बाकीच्या बहुतेकांनी काय केलं, ठाऊक आहे? ते खाली उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. जगातले नामांकित सायकलपटू बरं का! तेव्हा चढावर उतरून सायकल ढकलावी लागली, तर लाज मुळीच वाटून घेऊ नका.

रस्ता नागमोडी का?

फ्रान्समध्येच आल्प द्युएझ नावाचा प्रसिद्ध घाट आहे. लांबी सुमारे १४ किलोमीटर, वळणं २१. तेवढ्या अंतरात रस्ता साधारण ११०० मीटर वर चढतो. आपल्या विदर्भातलं चिखलदरा समुद्रसपाटीपासून जेवढं उंच आहे, जवळपास तेवढा!

हे गणित शेकडेवारीत मांडू. १०० मीटर पुढे गेलं की रस्ता सरासरी ८ मीटर वर जातो. ८ मीटर म्हणजे दोन मजली घराहूनही उंच. शंभर मीटर गेलात की एक घर चढलात, पुढचे शंभर मीटर गेलात की दुसरं घर. अशी सुमारे १४० घरं!

मग इतकी वळणं कशाला? सरळ रस्ता काढला असता, तर अंतर नसतं का वाचलं? वाचलं असतं, पण चढ इतका उभा झाला असता की सायकल चढलीच नसती. आपली गुरं टेकडीवर चरायला जातात, तेव्हा त्यांची पायवाट बघा. ती नाकासमोर कधीच चढत नाहीत. तिरकी जातात, वळतात, पुन्हा तिरकी जातात. गाईला जे कळतं, तेच रस्ता बांधणाऱ्या इंजिनिअरला कळतं. अंतर वाढवा, चढ कमी होतो.

सायकलचा गिअरसुद्धा हेच काम करतो. हलक्या गिअरमध्ये पॅडल जास्त वेळा फिरवावं लागतं, पण प्रत्येक वेळी जोर कमी लागतो. गंमत म्हणजे टूर द फ्रान्समध्ये १९३७ सालापर्यंत चालत्या सायकलवर गिअर बदलायची परवानगीच नव्हती. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगळी दातेरी चक्रं असायची. घाटाच्या पायथ्याशी थांबायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि मग चढायला लागायचं!

थोडक्यात काय, घाट नुसत्या ताकदीने चढत नाहीत. तो हिशेबाने चढतात. मोठ्या चढाचे लहान लहान तुकडे करतात.

आपली माणसं, मोठे डोंगर

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही हं! मुंबई-पुणे सायकल शर्यतीत वाटेत बोरघाट लागतो. तो सगळ्यांच्या आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब देत आले आहेत. आमचं बोर आणि तो बोरघाट यांचा तसा काही संबंध नाही. पण हे नाव ऐकलं की आमच्या मुलांची कॉलर उगाचच ताठ होते!

अमेरिकेत पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत एक शर्यत होते. अंतर सुमारे ४८०० किलोमीटर. वाटेत वाळवंट आहे आणि रॉकी पर्वतातली ३३०० मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंडही आहे. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून ही शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. एक भाऊ सायकल चालवायचा, तेव्हा दुसरा विश्रांती घ्यायचा.

आणि २०१७ साली आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ हीच शर्यत एकट्याने पूर्ण करून आले. एकट्यासाठी मुदत होती १२ दिवसांची. त्यांना लागले ११ दिवस, २१ तास आणि काही मिनिटं. करा वजाबाकी! बारा दिवसांपैकी तीन तासही शिल्लक उरले नव्हते. पहिल्याच डोंगरावर सगळी ताकद उधळली असती तर? शेवटच्या दिवसासाठी पायांत काय उरलं असतं?

मुलींनो, तुमच्यासाठी आणखी एक नाव. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने वयाच्या विसाव्या वर्षी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे २९ हजार किलोमीटर!

पण खिंडीनंतर काय?

खिंड आली की आपल्याला वाटतं, संपलं! आता पाय सोडून मजेत उतरायचं. खरा धोका इथेच सुरू होतो.

उतारावर वेग आपोआप वाढतो. घामाने भिजलेल्या अंगाला गार वारा लागतो. म्हणून पूर्वी आल्प्समधले खेळाडू माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र मागून घ्यायचे आणि शर्टाच्या आत छातीवर खुपसायचे. थंडीने बोटं आखडली तर ब्रेक कसा दाबणार? सतत ब्रेक दाबून धरला तर चाकाची कड तापते. म्हणून जाणकार सायकलस्वार वळण यायच्या आधीच वेग कमी करतो, वळणात शिरल्यावर नाही.

आता त्या मुलीची गोष्ट. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती मैत्रिणींबरोबर सायकलने धरणाकडे गेली होती. चढ छान चढली. परत येताना उतार लागला. तिच्या सायकलच्या पुढच्या ब्रेकची तार कित्येक दिवसांपासून तुटलेली होती आणि मागची रबरं झिजून गुळगुळीत झाली होती. वळणावर गिट्टी पसरली होती. सायकल घसरली आणि हात मोडला.

तिचे बाबा म्हणाले, "आता सायकल बंद."

एवढं ऐकून माझ्या पोटात धस्स झालं. कारण ती सातवीत होती. आठवीची शाळा तिच्या वस्तीपासून लांब. सायकल बंद झाली, तर शाळेचं काय होणार?

मी त्यांच्या घरी गेले. गालिबिए आणि अमेरिकेच्या गोष्टी सांगून काय उपयोग होणार होता? मी एवढंच विचारलं, "दादा, कापसाने भरलेली बंडी उतारावरून कशी आणता तुम्ही?"

ते हसले. "भरली बंडी सोडून देत नसतात जी! उतार लागायच्या आधीच कासरा आवळा लागते. एकदा पळाली की मग बैलाच्याबी हातात राहत नाही."

मी म्हटलं, "पोरीला हेच शिकवा ना. तिच्या सायकलला कासराच नव्हता."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या सायकलचा ब्रेक दाबून पाहिला. तार लोंबकळत होती. "हे तं मलेच दिसाले पाहिजे होतं," असं म्हणाले.

हाताचं प्लास्टर निघालं, त्या आठवड्यात सायकलला नवी तार आणि नवी रबरं बसली. पहिल्या दिवशी बाबा स्वतः शेजारून चालत आले. आता ती आठवीच्या शाळेत रोज सायकलने जाते. रस्त्यात एक चढ आहे. दमली की उतरून ढकलते. आणि माथ्यावर पोहोचली की एक क्षण थांबते, दोन्ही ब्रेक दाबून बघते आणि मगच निघते.

तुम्हीही हे करा

१. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहा. ब्रेक दाबल्यावर सायकल पुढे ढकलून बघा. ती हलता कामा नये.

२. चढावर सुरुवातीलाच जोर लावू नका. बोलता येईल इतकाच दम लागू द्या. तहान लागायची वाट न पाहता मधून मधून पाणी प्या.

३. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू, एकदम लावा. पुढचा ब्रेक एकटाच करकचून दाबू नका. वेग वळणाच्या आधी कमी करा. डबलसीट तर मुळीच नको.

४. मोठ्या रस्त्यावर किंवा जंगलातल्या वाटेवर मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही.

आणि घरी बसून करायचा हा एक प्रयोग. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा. त्याची सगळ्यात लांब बाजू रंगवा. उभ्या बाजूकडून सुरुवात करून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. रंगीत रेघ कशी दिसते? डोंगराला वळसे घालत चढणारा घाटरस्ता तयार! आता तेवढ्याच उंचीचा, पण जास्त लांब त्रिकोण घेऊन पाहा. वळसे वाढले की चढाचं काय होतं, ते तुम्हीच शोधून काढा.

पालकहो, तुमच्यासाठी एकच विनंती. आज संध्याकाळी मुलांची सायकल पाच मिनिटं पाहा. ब्रेकची तार फार महाग नसते. ती नसली, तर मात्र पोरांची सायकल बंद होते आणि कधी कधी सायकलीबरोबर शाळाही.