पत्र कुठे अडले?

बीड जिल्ह्यात शिरूर नावाचे तालुक्याचे गाव आहे. पुणे जिल्ह्यातही एक शिरूर आहे. म्हणून पत्रावर ‘शिरूर कासार, जिल्हा बीड’ असे पूर्ण लिहावे लागते. असे घोटाळे टाळण्यासाठी टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू केला. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात लोकांसाठी इंटरनेट खुले केले. तारीखही तीच! संगणकावरच्या टपालाला ई-मेल म्हणतात. ओळखीचा पोस्टमन चुकलेला पत्ताही शोधून काढतो. संगणकाला मात्र एका अक्षराची चूकही चालत नाही.

समजा, बीडमधील एका उर्दू शाळेच्या कार्यालयात नवा संगणक आला आहे. शिष्यवृत्तीची यादी आजच पाठवायची आहे. लिपिक शाळेचे ई-मेल खाते संगणकावर जोडू लागतात. पत्ता भरतात, पासवर्ड भरतात. पडद्यावर सूचना येते, ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ ते घाईघाईने तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा भरतात. शेवटी खाते काही वेळापुरते बंद होते.

पासवर्ड तर बरोबर होता. मग चुकले काय? सकाळी याच संगणकावर उर्दूत एक अर्ज टाइप केला होता आणि कळफलक उर्दूवरच राहिला होता! पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे ही चूक डोळ्यांना दिसत नाही. अशा वेळी जवळ कोणी नसताना कोऱ्या पानावर पासवर्ड टाइप करून पाहावा आणि लगेच पुसून टाकावा. शिवाय जीमेलचे खाते असेल आणि संगणकातील ई-मेलचा प्रोग्राम जुना असेल, तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगलने ३० मे २०२२ पासून ती सोय काढून घेतली. त्याऐवजी सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड घ्यावा लागतो.

काही वेळाने खाते उघडले. पत्रे येऊ लागली, पण जाईनात. असे का? टपाल कार्यालयात जशा निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या खिडक्या असतात, तशाच ई-मेलच्याही असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. पत्रे आणण्याची खिडकी बहुधा ९९३ क्रमांकाची, तर पाठवण्याची ४६५ किंवा ५८७ क्रमांकाची असते. जुनी २५ क्रमांकाची खिडकी नको असलेल्या पत्रांच्या उपद्रवामुळे पुष्कळ ठिकाणी बंद केलेली आहे. लिपिकांनी नेमका २५ हा आकडा भरला होता.

कधी कधी ‘प्रमाणपत्र वैध नाही’ अशी सूचना येते. तेव्हा पासवर्डला हात लावू नये. आधी संगणकाची तारीख पाहावी. संगणकात घड्याळासाठी बटणासारखा एक गोल सेल असतो. तो संपला आणि वीज गेली, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाऊ शकते. सर्व्हरच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणक त्या तारखा आपल्या चुकलेल्या तारखेशी ताडून पाहतो आणि चांगले प्रमाणपत्रही नाकारतो. सेल बदलून तारीख नीट लावली, की ही तक्रार मिटते.

सर्व जुळल्यावर पहिले पत्र स्वतःच्याच पत्त्यावर पाठवावे. ते जाऊन परत आपल्याकडे आले, म्हणजे दोन्ही खिडक्या उघड्या आहेत. मग शिष्यवृत्तीची यादी पाठवायला हरकत नाही.